कीबोर्डवरचे शॉर्टकट आणि तयार मेसेज: खान्देशातल्या रोजच्या कामासाठी प्रश्नोत्तरं

केळीच्या व्यापाऱ्याची गादी असो, शाळेचं ऑफिस असो, शिंप्याचं दुकान असो की दवाखान्याचं काउंटर, दिवसभर तेच ते मेसेज टाईप होत असतात. तोच पत्ता, तोच खाते क्रमांक, तेच ‘उद्या या’. सावदा-फैजपूर भागात दुकानदारांना आणि शेतकऱ्यांना फोनची सेटिंग्ज लावून देण्याचं काम मी करतो. त्यात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत.

शॉर्टकट आणि तयार मेसेज, यात फरक काय?

शॉर्टकट म्हणजे दोन-चार अक्षरं टाईप केली की त्यांच्या जागी ठरवून ठेवलेला शब्द किंवा वाक्य येणं. हे काम कीबोर्ड करतो, त्यामुळे व्हॉट्सॲप, एसएमएस, ईमेल, ऑनलाइन फॉर्म असं सगळीकडे चालतं. तयार मेसेज म्हणजे साठवून ठेवलेला अख्खा निरोप: चार-सहा ओळींचा, कधी फोटोसकट. तो बहुधा एखाद्या ॲपमध्येच राहतो. छोटं ते शॉर्टकटमध्ये आणि मोठं ते तयार मेसेजमध्ये ठेवलं की दोन्ही सोयीचं पडतं.

मला रोज दहा-वीसच मेसेज करावे लागतात. एवढ्यासाठी हा खटाटोप कशाला?

मेसेज किती यापेक्षा त्यात चूक झाली तर काय होतं, ते बघा. बँकेचा खाते क्रमांक दर वेळी हाताने टाईप केला तर कधी ना कधी एखादा आकडा इकडचा तिकडे होतो. शॉर्टकटमध्ये तो एकदाच तपासून भरायचा. लांबलचक नावांचंही तसंच. कॉलेजच्या ऑफिसात बसणाऱ्याला ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव’ हे दिवसातून किती वेळा लिहावं लागतं ते त्यालाच विचारा. २०१८ साली विद्यापीठाच्या नावात बहिणाबाईंचं नाव आलं आणि मोठा मान झाला. मग ते नाव अर्धवट लिहू नये. ‘ककब’ टाईप केल्यावर पूर्ण, शुद्ध नाव आलं की कुणाला कंटाळा करायचं कारण उरत नाही.

अँड्रॉइड फोनवर शॉर्टकट कसा करायचा?

बहुतेक फोनांवर गूगलचा जीबोर्ड असतो. टाईप करायला कीबोर्ड उघडा. वरच्या पट्टीत दातेरी चाकाचं चिन्ह असेल, ते दाबून सेटिंग्जमध्ये जा. तिथे ‘डिक्शनरी’, त्यात ‘पर्सनल डिक्शनरी’. फोन मराठीत असेल तर ‘शब्दकोश’ आणि ‘वैयक्तिक शब्दकोश’ असं दिसेल. भाषा निवडा, बेरजेचं चिन्ह दाबा. दोन रकाने येतील: एकात पूर्ण मजकूर, दुसऱ्यात त्याचा शॉर्टकट.

आता मेसेज लिहिताना शॉर्टकट टाईप केलात की पूर्ण मजकूर वरच्या सूचनांच्या पट्टीत दिसतो. त्यावर बोट ठेवायचं. ‘मी तर भरलं, पण होत काहीच नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ही पट्टी बघितलेलीच नसते, किंवा सेटिंग्जमध्ये सूचना बंद केलेल्या असतात.

भाषा निवडताना ‘सर्व भाषा’ घेतलेलं बरं. नुसत्या मराठीत भरलेला शॉर्टकट इंग्रजी कीबोर्डवर सापडत नाही. तुम्ही इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवत असाल, तर शॉर्टकटही इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि तेवढ्यापुरता साधा इंग्रजी कीबोर्ड घ्या.

सॅमसंग आणि आयफोनवर?

सॅमसंगचा स्वतःचा कीबोर्ड वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट शॉर्टकट्स’ शोधा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, मग ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’. आयफोनवर एक महत्त्वाचा फरक आहे. तिथे शॉर्टकट लिहून स्पेस दिली की मजकूर आपोआप बदलतो, बोट ठेवायची वाट बघत नाही. म्हणून पुढचा प्रश्न आयफोनवाल्यांनी नीट वाचावा.

शॉर्टकटसाठी कोणती अक्षरं घ्यावीत?

जी अक्षरं कुठल्याही खऱ्या शब्दात त्या क्रमाने येत नाहीत ती. ‘भाव’ हाच शॉर्टकट ठेवला तर ‘काय भाव चालू आहे’ एवढं विचारतानाही अख्खं भावपत्रक मध्ये येऊन पडेल. मी लोकांना पहिलं अक्षर दोनदा घ्यायला सांगतो: पत्त्याला ‘पपत’, खात्याला ‘खखत’, दुकानाच्या वेळेला ‘ववळ’. लक्षातही राहतात आणि चुकून टाईपही होत नाहीत.

सुरुवातीला पाच-सहाच करा. एकदम तीस भरले तर पहिल्या आठवड्यातच कुठला कशाचा ते आठवत नाही आणि माणूस परत हाताने टाईप करायला लागतो.

मेसेज सहा-सात ओळींचा आहे, डिक्शनरीत बसत नाही. काय करू?

ती जागा एका ओळीच्या मजकुरासाठीच आहे. मोठ्या मजकुरासाठी दोन वाटा आहेत.

पहिली जीबोर्डचा क्लिपबोर्ड. तो चालू करून मजकूर कॉपी केला की तिथे दिसतो, पण तासाभराने जातो. त्यावर बोट दाबून धरा आणि ‘पिन’ करा, म्हणजे तुम्ही काढेपर्यंत राहील. ओळी जशा तोडल्या तशाच राहतात. दुकानाचा पत्ता, वेळ आणि यायचा रस्ता सांगणाऱ्या निरोपाला ही उत्तम सोय आहे.

दुसरी व्हॉट्सॲप बिझनेस. हे ॲप फुकट आहे आणि छोट्या दुकानदारांसाठीच केलेलं आहे. त्यातल्या ‘क्विक रिप्लाय’मध्ये ५० पर्यंत तयार मेसेज ठेवता येतात, फोटोही जोडता येतो. लिहायच्या जागी तिरपी रेघ (/) दिली की यादी वर येते, त्यातून निवडायचं. त्याच ॲपमध्ये आपोआप जाणारे दोन निरोप ठेवता येतात. पहिल्यांदाच मेसेज करणाऱ्याला, किंवा १४ दिवस काहीच बोलणं न झालेल्याला ‘ग्रीटिंग’ जातं. दुकान बंद असताना ‘अवे’ जातो, त्याची वेळ ठरवता येते.

या आपोआप निरोपांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दोन ओळींपेक्षा मोठे ठेवू नका आणि त्यात पुढचं उत्तर कधी मिळेल ते सांगा. ‘आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे’ वाचून कुणाचं काम होत नाही. ‘दुकान सकाळी १० वाजता उघडेल, तेव्हा उत्तर देतो’ यानं होतं.

केळीचा भाव तयार मेसेजमध्ये लिहून ठेवू का?

नका ठेवू. मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

रावेर-यावल पट्ट्यात भाव रोज हलतो. नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीच्या बागेचा, वेगळा; पिलबागेचा, म्हणजे खोडव्याचा, वेगळा; कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली बाग, आली की तिचा आणखी वेगळा. तयार मेसेजमध्ये आकडा लिहिलेला असला की घाईच्या सकाळी तो तसाच निघून जातो. गादीवरून निघालेला कालचा भाव शेतकऱ्याच्या फोनमध्ये पुरावा म्हणून राहतो. मग कापणी झाल्यावर बांधावर वाद. व्यापाऱ्याला वाटतं समोरचा अडवतो आहे, शेतकऱ्याला वाटतं आपल्याला फसवलं, आणि मूळ कारण एक न बदललेला आकडा.

म्हणून नियम साधा ठेवा. जे बदलत नाही तेवढंच साठवायचं. भाव, तारीख, वजन, माणसाचं नाव यांच्या जागी रेघा सोडायच्या. गादीवरच्या मुलांना मी करून देतो तो मेसेज असा:

राम राम.
तारीख: ____
नवती: ____ रु. क्विंटल
पिलबाग: ____ रु. क्विंटल
कापणीचा वार: ____
गाडी बांधावर: ____ वाजता
हा भाव फक्त वरच्या तारखेचा.

शेवटची ओळ कायम ठेवा, ती दोन्ही बाजूंना सांभाळते. रेघ भरायची राहून गेली, तर समोरचा फोन करून विचारेल, ‘भाऊ, आकडा राहिला वाटतं’. चुकीचा आकडा गेला तर तो विचारणार नाही, खरा मानून चालेल. रिकामी जागा दिसते, शिळा आकडा दिसत नाही.

रेघांऐवजी ‘००००’ लिहू नका. घाईत तो आकडाच वाटतो.

रेघांच्या जागी गावाचं नाव भरलं की वाक्य बिघडतं. का?

आपल्या भाषेत प्रत्यय लागला की नाव बदलतं म्हणून. ‘गाडी ____ला पोहोचेल’ असं लिहून ठेवलं तर रावेर आणि यावल ठीक बसतात: रावेरला, यावलला. पण सावदा भरलं की ‘सावदाला’ होतं, पाहिजे ‘सावद्याला’. चोपड्याचं तेच, पाचोऱ्याचं तेच, धुळ्याचं तेच. माणसांच्या नात्यांतही हीच अडचण: काका भरलं तर ‘काकाला’ की ‘काकांना’?

यावर उपाय म्हणजे बदलणारा शब्द वाक्यात गुंफायचाच नाही. ‘ठिकाण: सावदा’, ‘नाव: ____’, ‘वेळ: ____’ असं लिहायचं. प्रत्यय लागत नाही, बिघडत नाही.

क्रियापदाचंही बघा. ‘तुम्ही आला होता’ पाठवलं आणि समोर ताई असल्या की खटकतं. दोघांनाही चालेल असं वाक्य आधीच निवडावं. शिंप्याच्या दुकानात ‘आपले कपडे शिवून तयार आहेत’ पुरतं. दवाखान्यात ‘आपला नंबर ____ आहे, साधारण ____ वाजता येणं करावं’ कुणालाही चालतं. आणि तयार मेसेजच्या सुरुवातीला ‘सर/मॅडम’ अशी तिरपी रेघ ठेवू नका. त्यापेक्षा ‘राम राम’ किंवा ‘नमस्कार’ बरा, तो आबांनाही चालतो आणि बाईंनाही.

अहिराणीत लिहिलं की फोन शब्द बदलून टाकतो. थांबवता येतं का?

येतं. ‘कथा शे?’ लिहायला गेलं की फोन त्याला ओळखीचे मराठी शब्द सुचवत राहतो. रोजचे अहिराणी शब्द पर्सनल डिक्शनरीत भरा, शॉर्टकटचा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. मग तो शब्द चुकीचा मानला जात नाही आणि सूचनांतही येऊ लागतो. मना, तुना, शे, राह्यना, बठ्ठा इथून सुरुवात करा. लेवा गणबोली लिहिणाऱ्यांनीही हेच करावं. घरच्या ग्रुपवर आपण जसं बोलतो तसंच लिहिता आलं पाहिजे, फोनला जमत नाही म्हणून आपली बोली सोडायची वेळ येऊ नये.

मराठीत एसएमएस पाठवला की दोन-तीन एसएमएसचे पैसे का जातात?

इंग्रजी अक्षरांतल्या साध्या एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते. मेसेज त्याहून लांब झाला तर त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात. शिवाय आपण एक अक्षर समजतो ते फोन सुटं सुटं मोजतो. ‘उद्या’ आपल्याला दोन अक्षरांचा शब्द वाटतो. फोन मोजतो उ, द, पाय मोडल्याची खूण, य आणि काना: पाच.

उदाहरण घ्या. ‘राम राम. उद्या सकाळी ७ वाजता गाडी बांधावर येईल.’ हे ४७ होतात. पुढे ‘मजूर तयार ठेवा.’ जोडलं की जागा धरून ६३. इथपर्यंत एकच एसएमएस. त्यापुढे ‘गादीवर फोन करा.’ लिहिलं की ७० ओलांडले, दोनाचे पैसे. तयार मेसेज करतानाच एकदा मोजून घ्या, नंतर रोज मोजायला नको.

इंग्रजी मेसेजमध्ये रुपयाचं चिन्ह किंवा एखादा इमोजी टाकला तरी त्याची मर्यादा ७० होते.

हाच मेसेज गावातल्या सगळ्यांना एकदम पाठवू?

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करता येते. एका यादीत २५६ जण बसतात. पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो मेसेज जातो. ‘अर्ध्यांना मिळालाच नाही’ याचं कारण बहुधा हेच असतं. ओळख नसलेल्या नंबरांवर तोच मजकूर धडाधड पाठवू नका. लोक तक्रार करतात आणि नंबर बंद होतो. धंद्याचा नंबर बंद पडणं म्हणजे काय, हे ऐन हंगामात कळतं.

कंपनीमार्फत हजारो एसएमएस पाठवायचे असतील तर ती वाट वेगळी. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा नमुना डीएलटी या ऑनलाइन नोंदणीत आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि नमुन्यात बदलणारा भाग कुठला तेही दाखवावं लागतं. नोंदवलेल्या नमुन्यापेक्षा वेगळा मेसेज अडवला जातो. पतपेढ्या, मोठ्या शाळा यांच्यासाठी हे आहे. घरच्या सिमवरून चार-दोन मेसेज करणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंज नसते. शॉर्टकट चालेल?

चालेल. तो फोनमध्येच साठवलेला असतो, त्याला इंटरनेट लागत नाही. मेसेज रेंज आल्यावर जाईल, लिहून तयार मात्र होतो. नेट नसून नुसती थोडी रेंज असेल तर व्हॉट्सॲपपेक्षा साधा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त. सातपुड्यातल्या आशाताई आणि शिक्षकांनी महत्त्वाचा निरोप ७० अक्षरांत बसवून ठेवावा, तो याच कारणासाठी.

पालकांना वाचता येत नसेल तर?

तयार मजकूर कितीही नेटका केला तरी तिथे कामाचा नाही. आवाजाचा निरोप पाठवा, आणि तो त्यांच्या बोलीत असू द्या. ‘उद्या शाळेला सुट्टी’ हे पावरीत किंवा भिलोरीत अर्ध्या मिनिटात सांगून होतं. वर्गातल्याच एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याच्या आवाजात असेल तर घरचे आणखी लक्ष देऊन ऐकतात.

दुःखाच्या प्रसंगी पाठवायला एक मेसेज साठवून ठेवावा का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. घरातलं माणूस गेलं की नातेवाइकांना कळवावं लागतं: अंत्ययात्रा किती वाजता, कुठून, पुढे गंधमुक्ती कधी. हे कळवणाऱ्याचे हात थरथरत असतात, वेळ चुकते, गाव लिहायचं राहतं. या निरोपाचा सांगाडा भाऊबंदांपैकी कुणाकडे तरी तयार असावा. नाव, वय, वेळ, ठिकाण, संपर्क अशा पाच रेघा पुरतात.

पण त्या घरच्यांना आपण जे लिहितो ते साठवलेलं असू नये. आठवलं ते दोन शब्द लिहा, नावानिशी लिहा. नाही सुचलं तर फोन करा, दारावर जाऊन या. एका ग्रुपवर चाळीस जणांचा शब्दशः एकच मजकूर पडलेला मी बघितला आहे, आणि ज्या घरात तो वाचला जातो तिथे त्याचा आधार होत नाही.

कानबाईच्या रोटांचं किंवा आखाजीला लेकीला आणायला येत असल्याचं कळवणं हेही मी यातच धरतो. वर्षातून एकदा येणारे निरोप आहेत, हाताने लिहावेत.

आधार नंबर, एटीएमचा पिन, पासवर्ड शॉर्टकटमध्ये ठेवू का?

पिन आणि पासवर्ड कधीच नाही. शॉर्टकटला कुलूप नसतं. फोन ज्याच्या हातात, त्याला तुमचं गुपित सूचनांच्या पट्टीत दिसतं. आधार नंबरही ठेवू नका. पैसे घेण्यासाठीचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड चालतो, पण भरल्यावर पासबुक समोर ठेवून दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. इथे एक आकडा चुकला तर ती चूक रोज तशीच जात राहील.

‘नवा मराठी कीबोर्ड’ म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली तर ती उघडू नका. कीबोर्ड ॲपला तुम्ही टाईप केलेलं सगळं दिसू शकतं, पासवर्डसुद्धा. म्हणूनच नवा कीबोर्ड चालू करताना फोन तसा इशारा देतो. कीबोर्ड घ्यायचा तर प्ले स्टोअरवरूनच घ्या. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

रेल्वेत अपडाऊन करताना किंवा गाडीवर असताना फोन घेता येत नाही. त्यासाठी काही आहे?

फोन वाजत असतानाच मेसेज पाठवून तो कट करायची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आहे. आत लिहिलेली वाक्यं बहुधा इंग्रजीत असतात, फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडवर ‘क्विक रिस्पॉन्सेस’मधून आणि आयफोनवर ‘रिस्पॉन्ड विथ टेक्स्ट’मधून ती बदलून मराठीत करा. ‘गाडीत आहे, भुसावळला उतरून फोन करतो’ हे एक. ‘वर्गात आहे, सुट्टीत करतो’ हे दुसरं. हा निरोप एसएमएसने जातो, म्हणून छोटा ठेवा. दुचाकी चालवताना मात्र फोन वाजू द्या.

फोन बदलला की सगळं परत भरावं लागतं का?

आयफोनवर आयक्लाउड चालू असेल तर शॉर्टकट नव्या फोनवर येतात. अँड्रॉइडवर त्या भरवशावर राहू नका. सगळे शॉर्टकट आणि तयार मेसेज एका नोटमध्ये लिहून ती नोट स्वतःलाच ईमेल करून ठेवा. दुकानात दोन-तीन जण फोन हाताळत असतील तर तीच नोट सगळ्यांना द्या, म्हणजे एकाच्या मेसेजमध्ये जुना पत्ता आणि दुसऱ्याच्यात नवा असं होत नाही. दुकान हललं, वेळ बदलली, खातं बदललं की आधी नोट बदला, मग प्रत्येकाच्या फोनमध्ये जाऊन बदला.